खोळ

मी विचारलं आणि स्क्रीन काळी झाली.

प्रश्न तसा साधाच होता. माझी लेक ठमी तिच्या आईबरोबर दुसऱ्या गावात राहते. फोनवर ती ‘हो’, ‘नाही’, ‘बरं’ यापलीकडे जात नाही. म्हणून मी या वयात गेमिंग कॉम्प्युटर आणला. रविवारी दुपारी आपापल्या घरी बसून आम्ही दोघं एकच किल्ला राखतो, आणि तिथे मात्र ती हेडफोनमधून मला मनसोक्त झापते. फार बरं वाटतं. आज शत्रू जरा लांब आहेसं बघून मी विचारून टाकलं, की मोठ्या सुट्टीत माझ्याकडे राहायला येशील का. “बाबा, खरं सांगू का,” ती म्हणाली, आणि माझ्यासमोर अंधार.

‘खरं सांगू का’ने सुरू झालेलं वाक्य आजवर कधी चांगलं संपलंय? हेडफोन टेबलावर टाकला आणि टेबलाखाली शिरलो.

जुन्या सोफ्यांना नवं कापड चढवणं हा माझा धंदा. सोफा कुरकुरला तर कुठली स्प्रिंग गेली ते मी नुसता बसून सांगतो, पण या पेटाऱ्यातलं मला ओ की ठो कळत नाही. मॉनिटरचा दिवा लागलेला होता. केबल काढली, फुंकर मारली, परत लावली. काही नाही. दुसरी केबल शोधायला ड्रॉवर उपसला, तेव्हा सुया, खडू, बटणं असलं सगळं निघालं आणि तळाशी केबल. ती लावली. तरी काळं ते काळंच. मॉनिटरच्या पाठीत दोन धपाटेही घालून झाले. आतला पंखा मात्र जोरात फिरत होता. म्हणजे स्वारी जिवंत होती, फक्त तोंड दाखवत नव्हती.

“गाढवा, पोरगी समजेल बाप विचारून पळाला,” मी त्याला म्हणालो. “तिच्या पलंगाच्या पाठीला नवं कापड लावलंय, तेही सांगायचं राहिलं. यायचं नसेल तर नाही म्हणू दे तिला. पण काहीतरी म्हणू दे. थांब, आता बंदच करतो तुला.”

कॉम्प्युटरचं बटण त्याच्या खोळीखाली होतं. ही खोळ मी गेल्याच आठवड्यात अगदी घट्ट शिवली होती. तिची कड कशीबशी वर सरकवत होतो, तेवढ्यात टेबलावर काहीतरी किरकिरलं. हेडफोन. कानाला लावला.

“बाबा, बटण दाबू नकोस. मी कधीची ओरडतेय. दाबलंस की बोलणं तुटेल.”

म्हणजे हेडफोनच्या माइकमधून तिने सगळं ऐकलं होतं. गाढवापासून पलंगापर्यंत. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने मात्र डॉक्टरणीसारखं विचारायला सुरुवात केली. पंखा फिरतोय का? जोरात? डब्याला हात लावून बघ, तापलाय का? हात लावला तर चटकाच बसला. मग तिने विचारलं, त्याच्यावर काही झाकलंयस का?

मी सांगितलं, की तूच म्हणालीस ना, तुझ्या कॉम्प्युटरची घरघर येते, तुझं बोलणं नीट कळत नाही. म्हणून त्याला खोळ केली. आत जाड फोम, वरून रेक्झिन, कडेने पायपिंग.

तिकडे ती हसायला लागली. तिचं असं हसणं मी विसरूनच गेलो होतो.

“बाबा, तू कॉम्प्युटरला गादी केलीस? बिचाऱ्याला हवा कुठून मिळणार? आतलं चित्र दाखवणारं कार्ड तापून बंद पडलंय. काढ ती आधी, मग बंद करून गार होऊ दे. आणि घरघर असू दे. ती ऐकू आली की कळतं, तू बसलायस.”

मी ब्लेड घेऊन खोळ टराटरा उसवली. स्वतःच्या हातची शिलाई उसवताना एरवी मी चिडतो. बटणावर बोट ठेवलं, पण दाबवेना.

“खरं सांगू का,” ती म्हणाली, “मला वाटलं होतं, तू कधी विचारणारच नाहीस. कापड कुठल्या रंगाचं लावलंयस?”

“निळं.”

“मला आता हिरवं आवडतं.”

मग बटण दाबलं. कॉम्प्युटर गार होईस्तोवर थांबायचं होतं. मी पलंगाच्या पाठीवरच्या निळ्या कापडाचे खिळे उपटायला घेतले.