भानूची चेष्टा

मी तोंडाची फटकळ आहे, हे आधीच सांगून टाकते. सीपरी बाजारातला भाजीवाला मला लांबून बघितलं की सडके टमाटे आपणहून बाजूला काढतो. आमचे हे म्हणतात, "अनुसूया, तुझ्या जिभेला हाड नाही." मी म्हणते, नाही तेच बरं, असतं तर बोलताना टोचलं असतं. तर अशा बाईनं जन्मात एकदा, भरल्या सभेत, कोणाची तरी मनापासून तारीफ केली. आणि तीच अशी अंगाशी आली की विचारू नका.

आम्ही झाशीचे. इथले लोक आम्हाला अजून 'दक्षिणी' म्हणतात, पण दक्षिणेत आमचं आता कोणी ओळखीचं नाही. माझं माहेर गुरसरायचं. घरात मराठी बोलायचो, पण कशी? मराठीच्या पिठात हिंदीचं पाणी. आमच्या ह्यांचा जन्म बिजौलीच्या कारखान्यात हिशेब लिहिण्यात गेला, दिवसभर "हाँ जी, ना जी". मुलगा गुडगावला. त्याला मराठी कळते, पण बोलायला लाजतो. माझी खरी मराठी होती ती थोरल्या बहिणीशी, शकुंतलाशी. ती दोन गल्ल्या पलीकडे राहायची. ती गेली, आणि माझी मराठी देवापुढे आरती म्हणण्यापुरती उरली.

मग समोरच्या घरात भानुमती राहायला आली. साताऱ्याकडची. नवरा जयसिंग फौजेत सुभेदार, बबीन्याला पोस्टिंग, आणि पोरांच्या शाळेसाठी बिऱ्हाड झाशीत. पहिल्याच दिवशी वाटी घेऊन दारात उभी. "मावशी, विरजणापुरतं दही मिळेल का?"

मी म्हटलं, "दही आहे गं, पण तो खट्टा झाला आहे."

"ते दही, मावशी," ती म्हणाली. "ते आंबट झालंय."

बघा! माझ्याच दारात उभी राहून, माझंच दही मागून, वर माझीच चूक काढते! मी तिला चांगली झापणार होते. पण मग वाटलं, शकुंतला गेल्यापासून माझं बोलणं इतकं कान देऊन कोणी ऐकलंच नव्हतं. मी वाटी भरून दिली.

पुढे तिनंच आमच्या डिशवर मराठी चॅनेल घ्यायला लावलं. रोज संध्याकाळी सात वाजता ती यायची आणि आम्ही दोघी मालिका बघायचो. कोल्हापूरच्या एका खानावळीची गोष्ट. सासू खमकी, आणि सून इंदिरा खेड्यातली, साधी. आमचे हे मालिकेला 'तुमची खानावळ' म्हणायचे आणि पेपर घेऊन दुसऱ्या खोलीत जायचे. माझ्या मांडीवर मटारच्या शेंगांची परात, शेजारच्या खुर्चीवर भानू. एखादा शब्द अडला की मी तिच्याकडे मान वळवायची आणि जाहिराती लागल्या की ती अर्थ सांगायची. मधेच माझ्याही चुका काढायची. तो दही, तो लोणी, तो घर! हिंदीत सगळं कसं सुटसुटीत, एक पुरुष आणि एक बाई. मराठीत हे तिसरं कुठून उपटलं, देव जाणे. पण भानूनं हार मानली नाही. मी चिडायची, ती हसायची, आणि पुन्हा पहिल्यापासून.

आमच्या महाराष्ट्र मंडळात डिसेंबरअखेर एक कार्यक्रम असतो. सरत्या वर्षात तुम्हाला काय आवडलं, पिक्चर म्हणा, गाणं म्हणा, मालिका म्हणा, ते उभं राहून सांगायचं. अट एकच, मराठीत सांगायचं. जुने दक्षिणी येतात, बबीन्याच्या फौजी बायका येतात. मी आजवर नुसती खिचडी खाऊन परत यायची. भानूनं ह्या वेळी माझं नाव दिलं. म्हणाली, "मी लिहून देऊ का भाषण?"

"काही गरज नाही," मी म्हटलं. "मी माझ्या मनानं बोलीन." कारण मला तिच्याबद्दलच बोलायचं होतं. तिनंच कसं लिहून द्यायचं?

आणि मी ठरवलं, बोलायचं तर एकदम शुद्ध. गव्हातले खडे निवडावेत तसे सगळे हिंदी-उर्दू शब्द वेचून काढले. कोशिश नको, पढ़ाई नको. त्यांच्या जागी चांगले भारदस्त, संस्कृत वाटणारे शब्द बसवले. आरशासमोर उभी राहून पाठ केलं. ह्यांना ऐकवलं, तेही म्हणाले, "वा!" त्यांची मराठी माझ्याहूनही बिघडलेली, हे तेव्हा लक्षात यायला हवं होतं.

कार्यक्रमाच्या दिवशी नवी साडी नेसून मी माइकसमोर उभी राहिले. भानू दुसऱ्या रांगेत, इतर फौजी बायकांबरोबर. मी म्हटलं:

"ह्या वर्षातली माझी सर्वांत आवडती गोष्ट म्हणजे आमची खानावळीची मालिका. पण ती आवडली भानुमतीबाईंमुळे. माझ्या मराठीची त्यांनी वर्षभर चेष्टा केली. इतकी चेष्टा माझ्या सख्ख्या बहिणीनंही कधी केली नाही. आणि त्यांनी मला जी शिक्षा दिली, ती मी मरेपर्यंत विसरणार नाही."

सभा चिडीचूप. मला वाटलं, सगळ्यांना भरून आलं. दोघीतिघींनी तोंडाला पदर लावला, मला वाटलं डोळे पुसतायत. भानूचं तोंड लाल झालं होतं. ती उठली, पोरांना हाताला धरलं, आणि खिचडीला न थांबता निघून गेली. मला वाटलं, लाजली.

बाहेर पडताना मंडळाचे अध्यक्ष वामनराव म्हणाले, "वहिनी, आज जरा जास्तच झालं हो तुमचं."

"तुमच्या प्रास्ताविकापेक्षा कमीच झालं!" मी म्हटलं. मला वाटलं, ते लांबीबद्दल बोलतायत.

दुसऱ्या दिवशी सात वाजले. भानू आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. माझं डोकं फिरलं. एवढी तारीफ केली तर बाईसाहेबांचा भाव वाढला! हे म्हणाले, "समोर तर राहते. जाऊन विचार."

"मी का जाऊ? माझं काय अडलंय?"

अडलं होतं. मालिकेत शब्द अडायचे, मी मान वळवायची आणि शेजारी रिकामी खुर्ची. पण कबूल कोण करणार?

एका सकाळी भाजीच्या गाड्यावर समोरासमोर गाठ पडली. मीच आपणहून बोलले. मुद्दाम चुकले. म्हटलं, "आज आमचा दही फार खट्टा झाला." आणि वाट बघत राहिले.

ती मेथीची जुडी बघत म्हणाली, "हाँ आंटीजी, हो जाता है।"

आंटीजी! हिंदीत! अहो, तिनं मला शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं. ती गेल्यावर भाजीवाल्यानं वर बातमी दिली, "फौजी साहब का तबादला हो गया, अम्मा। पठानकोट।" म्हणजे ही आता जाणार, आणि माझं काय चुकलं ते मला कधीच कळणार नाही. मी घरी येऊन रडले. पहिल्यांदा शकुंतला गेली, ती निदान सांगून सवरून आजारी पडून गेली. ही तर जिवंतपणी, समोरच्या घरातून चालली होती.

त्या संध्याकाळी मालिका लावली ती नुसती सवयीनं. खानावळीत शहरातली पोरं जेवायला बसली होती. इंदिरा काहीतरी बोलली आणि ती पोरं तिच्या बोलण्याची नक्कल करायला लागली. खी खी खी खी. इंदिरानं पळी आपटली आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, "हसा! करा माझी चेष्टा! गावंढळच आहे मी!"

मी मनात अर्थ लावला. हसा, करा माझी कोशिश. हे काय? जमेना. सवयीनं मान वळवली. खुर्ची रिकामी. मग मलाच विचार करावा लागला. पोरं नक्कल करतायत. ती रडतेय. हसा, आणि करा माझी...

परात मांडीवरून खाली गेली, मटार घरभर. मी एका पायात माझी आणि एका पायात ह्यांची चप्पल घालून समोर धावले.

अंगणात काळ्या ट्रंका मांडलेल्या होत्या आणि जयसिंग पांढऱ्या रंगानं त्यांवर आपलं नाव रंगवत होते. त्यांनी वर पाहिलं, पण रोजच्यासारखं "या" म्हणाले नाहीत. भानू दारात आली.

"भानू, चेष्टा म्हणजे कोशिश!" मी ओरडलेच.

"काय?"

"आमच्यात गं! हिंदीत! कोशिश, मेहनत! तू माझ्यासाठी केलीस ती. मला शुद्ध बोलायचं होतं!"

ती पायरी उतरून आली. मग हळूच म्हणाली, "आणि शिक्षा? मी काय शिक्षा केली तुम्हाला?"

"तू मला शिकवलंस ना! शिक्षा म्हणजे पढ़ाई. इथे प्रत्येक शाळेच्या भिंतीवर लिहिलेलं असतं. शिक्षा म्हणजे आणखी काय असतं?"

जयसिंगांनी ब्रश डब्यात ठेवला. "मावशी, आमच्याकडे शिक्षा म्हणजे सज़ा."

मी मटकन एका ट्रंकेवर बसले.

"मला वाटलं," भानू म्हणाली, "वर्षभर मी चुका काढत होते ते तुम्हाला झोंबत होतं. मनात ठेवलंत आणि चारचौघांत उट्टं काढलंत. मी एवढी आईसारखी मानत होते तुम्हाला."

"अगं मूर्ख मुली," मी म्हटलं, "तू चुका काढायचीस म्हणून तर मी बोलायची! शकुंतलानंतर मला कोणी टोकलंच नाही. मी बरोबर बोलते की चूक, कोणाला पडलीय इथे? आज तू आंटीजी म्हणालीस आणि मला जेवण गेलं नाही."

ती माझ्या शेजारी बसली आणि माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. मीही. जयसिंग म्हणत होते, "मावशी, उठा, रंग ओला आहे," पण ऐकतंय कोण? साडीवर मागे त्यांचं नाव उलटं उमटलं ते आजतागायत निघालेलं नाही.

नाक पुसून मी म्हटलं, "चल घरी. आजचा भाग अर्धा राहिलाय. विरजण पण घेऊन जा, पठानकोटला कुठे शोधशील? पण तो जरा खट्टा आहे."

"ते दही, मावशी," भानू म्हणाली. "ते."

आता ती पठानकोटला आहे. सातची मालिका संपली की फोन करते. ह्या वर्षी मंडळात मी माइकला हात लावणार नाही. वामनरावांना सांगितलं, लिहून देते, स्मरणिकेत छापा, म्हणजे हसणाऱ्यांनाही एकदाचं कळेल. हे सगळं मी भानूला फोनवर वाचून दाखवलं. तिनं ओळीओळीला अडवलं, लिंगं बदलली, शब्द बदलले, माझा जीव खाल्ला. फक्त माइकसमोरचं ते वाक्य आलं, इतकी चेष्टा माझ्या सख्ख्या बहिणीनंही कधी केली नाही, तेव्हा तिनं अडवलं नाही. मी म्हटलं, "इथे प्रयत्न लिहू ना?"

"नको, मावशी," ती म्हणाली. "ते बरोबर आहे."