गुडघाभर माती

माणिकबाईंनी अंगणातल्या खड्ड्यातली ढेकळं हातानं फोडली आणि नातवाकडे हात पसरले. पावणेदोन वर्षांच्या, अजून चालू न लागलेल्या सुगतनं आईची मान आणखी घट्ट धरली.

"आण त्याले इकडं. ऊन माती लागली का पायात बळ येते. तुया नवराही असाच गुडघाभर मातीत उभा रायला होता."

माया जागची हलली नाही. अमरावतीच्या फिजिओथेरपीवाल्या बाईंनी बजावलं होतं, पोराला खाली सोडा, धरू नका, पडला तरी उचलायची घाई करू नका. अकोल्याचे डॉक्टर म्हणाले, पायांना पट्टे बांधून भिंतीशी उभं करा. इकडे आड, तिकडे विहीर म्हणतात. मायाच्या वाट्याला वर सासूबाईंचा हा खड्डाही आला होता. नवऱ्याला, संघपालला विचारावं तर तो म्हणे, "कोना एकाचं आयक." एकाचं ऐकलं की उरलेल्या दोघांच्या मते पोराचं वाटोळं करणारी तीच. ती पार घुसमटली होती. खरं तर तिनं कोणाचंच धड ऐकलं नव्हतं. सुगत रडला की ती त्याला कडेवर घेई. कडेवर असला की तो गप्प असे, आणि तीही.

शेवटी तिनं त्याला खड्ड्यात उतरवायला घेतलं, पण पाय मातीला लागताच सुगतनं भोकाड पसरलं.

"मंग तू उतर आंधी," माणिकबाई म्हणाल्या. "तुले पाहून तो भेनार नाही."

वाद घालायचं त्राण नव्हतं. मायानं त्याला खाली बसवलं आणि खड्ड्यात उतरली. सासूबाईंनी उकिडवं बसून तिच्या गुडघ्यापर्यंत माती लोटली, दाबली.

सुगतला गंमत वाटली. तो खिदळला, मग रांगत पलीकडच्या बाजेकडे गेला. बाजेची कड धरून उठला आणि धप्पकन पडला. रडत त्यानं आईकडे हात केले.

मायाचे हात आपोआप पुढे गेले. पाय निघेनात. माणिकबाई उठू लागल्या, तसा तिनं त्यांचा पदर धरला.

"राहू द्या, आई."

"अवं, रडून रायला न तो."

"रडू द्या."

तिचेच डोळे भरून आले होते. सुगतनं बराच वेळ वाट पाहिली. कोणी येईना. त्यानं नाक पुसलं, पुन्हा बाज धरली आणि उभा राहिला. थोड्या वेळानं एक हात सोडून तो तिच्याकडे बघत राहिला.

"काढू का माती?" माणिकबाईंनी हळूच विचारलं.

"नाही," माया म्हणाली. "आनखी थोडी टाका."