कांड्यांची पेटी आणि परत आलेला मोरू

मी एक जुनी लाकडी पेटी आहे. नीट बसा, मित्रांनो, आणि मध्ये बोलू नका. एकच गोष्ट दोनदा सांगण्याची मला सवय नाही.

भिवंडीतल्या एका सुताराने मला आंब्याच्या फळ्यांपासून घडवले आणि कोपऱ्यांना पत्रा मारला. यंत्रमागाला आडवे सूत पुरवणाऱ्या कांड्या मी वर्षानुवर्षे वाहिल्या. माझ्या अंगातला एकही खिळा कधी वर आला नाही, म्हणून कामगार आधी मलाच उचलत. पुढे प्लास्टिकचे हलके, रंगीत क्रेट आले आणि माझी रवानगी जिन्याखाली झाली. ज्याने आयुष्यभर काम केले, त्याला रिकामे बसणे फार जड जाते.

२००४ साली कारखान्याच्या मालकीणबाई खुर्शीदखाला यांनी मला जिन्याखालून बाहेर काढले. सुताच्या कचऱ्यात त्यांना आईविना पडलेली मांजराची पिल्ले सापडली होती. मला धुऊन, उन्हात वाळवून, आत मऊ चिंध्या अंथरून त्यांनी ती पिल्ले माझ्या स्वाधीन केली. तेव्हापासून मी पोरक्या पिल्लांचे तात्पुरते घर झाले. पिल्लू थोडे मोठे झाले, की खाला त्याच्यासाठी कायमचे घर शोधत. त्याला ठेवून घेणे शक्यच नव्हते. खालांचे घर कारखान्याच्या माडीवर होते. चालते-फिरते झालेले मांजर जिना उतरून मागांच्या फिरत्या पट्ट्यांत शिरे. एका बोक्याचा पाय तिथेच गेला होता.

आजवरची पिल्ले आसपासच्याच गल्ल्यांत गेली आणि सुखाने नांदली. मोरू नावाचा एक बोका मात्र भिवंडीबाहेरच्या अंजूर गावाला गेला. उन्नती नावाची एक तरुण शिवणकाम करणारी मुलगी त्याला मोठ्या हौसेने घेऊन गेली आणि आठवडा उलटायच्या आत डोळे पुसत परत आली.

"खाला, हा काही खातच नाही. कपाटामागे बसून राहतो. डॉक्टर म्हणाले, आजार काहीच नाय."

"पोरी, तुझ्या घरी ह्याला कोणी ओरडलं का?"

"आमच्याकडे कोण ओरडणार? आमचं घर तर अगदी शांत हाय."

मोरूला माझ्यात ठेवताच त्याने वाटीभर दूध संपवले आणि तो पाय ताणून झोपला. खालांची मान ताठ झाली. "बघितलंस? त्याला माझाच लळा आहे." त्यांची नात अलिजा हसली. "दादी, लळा ठीक आहे. पण उद्या हा जिना उतरला तर?" मोरू जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसून खाली डोकावू लागला होता, हे खालांनीही पाहिले होते.

आता ऐका. भिवंडीत यंत्रमागांना शुक्रवारी सुट्टी असते. त्या दिवशी खालांचे सगळे घर नातेवाइकांकडे जाई आणि पिल्ले माझ्यात एकटी असत. तो शुक्रवार वेगळा होता. उन्नती मोरूला पाहायला येणार म्हणून खाला आणि अलिजा घरीच थांबल्या होत्या. ती आली तेव्हा मोरू माझ्यात नव्हता. भरली वाटी तशीच पडली होती. तो सापडला पलंगाखाली, अंग चोरून, कान पाडून.

"अगदी असाच बसायचा माझ्याकडे!" उन्नती म्हणाली.

अलिजाने खिडकीबाहेर कान दिला. "दादी, आज माग बंद आहेत!"

मागांचा खडखडाट घरातल्या सगळ्यांच्या इतका अंगवळणी पडला होता, की तो कोणाला ऐकूच येत नसे. माझ्या फळ्यांतून मात्र तो रात्रंदिवस थरथरत असे, आणि त्या थरथरीवर मोरू वाढला होता. खुद्द शांततेचीच त्याला भीती वाटत होती.

"मग मी काय आमच्या घरात लूम बसवू?" उन्नती रडवेली होऊन म्हणाली.

खालांना हसू आले. "लूम नको. तुझं शिलाई मशीन आहे ना? मोटरवालं? ही पेटी ने आणि मशीनला चिकटवून ठेव. मग रोज थोडं थोडं कमी चालव."

अशी मी रिक्षातून अंजूरला आले. मशीन घरघरू लागले, की माझ्या फळ्या थरारत आणि मोरू चार घास खाई. उन्नती रोज थोडे आधी मशीन थांबवी आणि श्वास रोखून त्याच्याकडे पाहत राही. पहिल्यांदा तो दचकून उठला. नंतर त्याने नुसते कान हलवले. मग एके दुपारी मशीन बंद झाले, बाहेर वाराही नव्हता, आणि मोरू झोपूनच राहिला. उन्नतीने तोंडावर हात दाबून धरला, आनंदाने ओरडू नये म्हणून.

मित्रांनो, मुक्या जीवाला आसरा देणे हे पुण्याचे काम आहे, ते अवश्य करा. परंतु ज्याला पुढे दुसऱ्याच्या घरी नांदायचे आहे, त्याला तुमच्यावाचून जगता येईल असे वाढवा. तो तुमच्यासाठी रडतो, याचा अभिमान बाळगू नका. खालांनी आता पिल्लांसाठी मागच्या आळीतली एक शांत खोली घेतली आहे.

मोरू हल्ली उन्नतीच्या खिडकीत झोपतो. माझ्यावरून उडी मारून जातो आणि वळूनही पाहत नाही. माझ्या उभ्या आयुष्यात याहून मोठे कौतुक माझे कोणी केलेले नाही.