पाचव्या गिअरवरची अकरा वर्षं

मी सायकल बोलतेय. घंटीपलीकडे मला वाचा नाही असा तुमचा समज असेल, तर तो बरोबरच आहे. वेळेवर बोलता आलं असतं तर आज हे सांगत बसायची पाळी आली नसती.

माझा जन्म कारखान्यातला. कुणी चाकं बसवली, कुणी साखळी ओवली, आणि शेवटी चष्मा लावलेल्या एका बाईनं माझे सातही गिअर फिरवून पाहिले नि मान डोलावली. मग खोक्यात बसून मी दुकानात आले आणि तिथून मास्तरांच्या घरी.

मास्तर म्हणजे माझे मालक. लोकांना गाडी चालवायला शिकवायचे. शिकवायच्या गाडीत त्यांच्या बाजूलाही एक क्लच नि एक ब्रेक असायचा, आणि तीस वर्षं शिकाऊ लोकांच्या चुका त्यांनी डाव्या पायानं सावरल्या. घर ते ड्रायव्हिंग स्कूल एवढ्या चार किलोमीटरसाठी त्यांनी मला घेतलं. गिअरवालीच दाखवा, असं दुकानदाराला बजावलं होतं. बिनगिअरचं वाहन म्हणजे बिनमिठाचं जेवण, असं त्यांचं ठाम मत.

मला वाटलं, चला, कदर करणारा माणूस मिळाला. कसलं काय! पहिल्याच दिवशी त्यांनी मला पाचव्या गिअरवर टाकलं आणि अकरा वर्षं तिथेच ठेवलं. गाडीला पाच गिअर, म्हणून सायकललाही पाचवा. त्यापुढचे दोन म्हणजे नुसती उधळपट्टी, आणि पहिले दोन म्हणजे शिकाऊंचे.

वाटेत पाण्याच्या टाकीपाशी चांगला खडा चढ आहे. तिथे गाडीत शेजारी बसलेल्या शिकाऊवर ते दिवसातून दहादा ओरडायचे, चढ आला, गिअर खाली घे, इंजिन रडतंय ते ऐकू येत नाही का? आणि संध्याकाळी स्वतः त्याच चढावर पाचव्यात, सीटवरून उठून, दातओठ खात मला रेटायचे. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय! बिनगिअरच्या सायकलवाले हा चढ चढतात, मग आपण गिअर कशाला उतरवायचा, हा त्यांचा हट्ट. माझी साखळी करकरायची. त्यांचा डावा गुडघाही करकरायचा, पण ते ऐकणारी मी एकटीच.

लेकीचं सगळं उलटं. सुट्टीला ती मला बाहेर काढायची. चढ दिसायच्या आत खटक-खटक करून दुसऱ्यात यायची आणि मैत्रिणीशी गप्पा मारत आरामात वर पोचायची. दुसऱ्या दिवशी मास्तर मला परत पाचव्यात टाकायचे. गाडीत बसली की मात्र क्लच, गिअर, आरसा आणि बाबांचा आवाज यातलं नेमकं काय सांभाळावं तेच तिला सुचेना. टाकीच्या चढावर गाडी तीनदा बंद पडली, बाबा सगळ्यांदेखत नाही नाही ते बोलले, आणि तिनं त्यांच्याकडे शिकणं सोडलं. हे सगळं तिनं मला पुसता पुसता आईला सांगितलं, म्हणून मला ठाऊक.

पुढे ती रक्त तपासणाऱ्या लॅबमध्ये नोकरीला लागली. लायसन्स दुसरीकडे शिकून काढलं. तोवर मास्तरांचा गुडघा सुजायला लागला होता. क्लच बंद करा, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. मास्तर म्हणजे पालथा घडा. मग एका रविवारी लेक दारात गाडी घेऊन आली. जुनीच होती, पण धुऊन पुसून लख्ख केलेली. ऑटोमॅटिक. किल्ली बाबांपुढे धरून म्हणाली, हिला डावा पाय लागतच नाही.

मी भिंतीला टेकून बघत होते. मास्तरांनी गाडीभोवती एक चक्कर मारली, आत डोकावून पाहिलं आणि म्हणाले, "ज्यांना गाडी चालवता येत नाही, त्यांच्यासाठी काढतात असल्या गाड्या."

लेकीचा हात हळूहळू खाली आला. "माझ्यासाठी नव्हती घेतली, बाबा," एवढंच ती म्हणाली.

मास्तरांना ते कळलं नाही असं मुळीच नाही. त्यांचा चेहरा मी पाहिलाय. पण बोललेला शब्द मागे घेणं म्हणजेही त्यांना गिअर उतरवणंच वाटत असावं. त्यांनी मला काढलं आणि कारण नसताना टाकीपर्यंत जाऊन आले, पाचव्यातच. दोन महिन्यांनी लेक दुसऱ्या गावी बदली घेऊन गेली. नंतर फोन यायचे ते आईला. बाबांची चौकशी आईमार्फत, बाबांचं उत्तरही आईमार्फत.

मला स्वतःचाच राग येतो. एकदा साखळी पाडली असती, गिअरची तार तोडली असती, तर मास्तर मेकॅनिककडे गेले असते आणि त्यानं तरी त्यांना चार शब्द सुनावले असते. पण मी गुणी सायकल! मुकाट्यानं ओढत राहिले.

दोन वर्षांनी चढाच्या मधोमध त्यांचा गुडघा अडकला. मागे हॉर्न वाजत होते आणि मास्तर मला धरून नुसते उभे. शेवटी माझ्यावर भार टाकत लंगडत घरी आले. नोकरी सुटली, ऑपरेशन ठरलं. त्या आठवड्यात त्यांनी बायकोच्या हातातून फोन घेतला आणि माझ्याशेजारी पायरीवर बसून लेकीला म्हणाले, "तुझी ती गाडी घेऊन येतेस का? दवाखान्यापर्यंत मीच चालवीन म्हणतो."

पलीकडून लेकीचा आवाज मलाही ऐकू आला.

"बाबा, मागच्याच महिन्यात विकली मी ती. तुम्ही कधी बसणार नाही असं वाटलं."

"बरं केलंस," मास्तर म्हणाले आणि फोन बायकोकडे दिला. मग माझ्या हँडलवर हात ठेवून ते कितीतरी वेळ बसून होते.

लेक बसनं आली, चार दिवस राहिली, सगळं निगुतीनं करून परत गेली. आता डॉक्टरांनी मास्तरांना हलकं पेडल मारायला सांगितलंय. माझी गिअरची तार गंजून चिकटली होती, ती मेकॅनिकनं बदलली. मागचं चाक अधांतरी राहील अशी मला स्टँडवर उभी करून रोज सकाळी ते पहिल्या गिअरवर वीस मिनिटं पेडल मारतात. परवा बायकोला म्हणाले, किती हलकी चालते गं ही, मला कुणी सांगितलंच नाही. त्या माउलीनं चहाचा कप तेवढा पुढे केला.

तुमच्या घरी कुणी तुमच्यासाठी किल्ली हातात धरून उभं असेल, तर बाबांनो, ती आधी घ्या, गाडी कसली आहे ते नंतर बघा. मास्तरांना पहिला गिअर सापडला, तेव्हा माझं चाक जमिनीला टेकत नव्हतं.