पूजेवर बसलेला रस्ता

खंडेनवमीला दुपारी दोन वाजता लोणारच्या कॉलेजातलं इंटरनेट बसलं, आणि गुलजारची नोकरीही त्याच्या शेजारी जाऊन बसली.

गुलजार तिथे कंत्राटी कॉम्प्युटर ऑपरेटर. कंत्राट आजच संपत होतं. प्राचार्या पुष्पांजली मॅडमनी सकाळीच स्वच्छ सांगितलं होतं, "कॉलेजच्या मान्यतेचा अर्ज पाचच्या आत विद्यापीठाकडे गेला, की तुमच्या मुदतवाढीवर सही करते. नाही गेला, तर मीच कुणाच्या तरी सहीसाठी फिरत असेन."

गुलजारने आधी इंटरनेट कंपनीचा डबा पाहिला. दिवे ठणठणीत. मग तो कोपऱ्यातल्या युनिक्सच्या मशीनपाशी गेला. कॉलेजातले सगळे कॉम्प्युटर जे काही बाहेर पाठवतील, त्याला कुठल्या रस्त्याने धाडायचं हे ती मशीन ठरवायची. म्हणजे तशी ती काहीच ठरवायची नाही. तिच्यात रस्ता शोधणारी एक सेवा होती, आणि ती मुळातच चालू होऊन आलेली. ती नेटवर्कवर कान लावून बसे. 'साऱ्या जगाचा रस्ता माझ्याकडून जातो, अन् जवळून जातो' असं जो छातीठोक म्हणेल, त्याच्याकडे सगळं पाठवून मोकळी. खरा रस्ता गुलजारने मशीन बसवतानाच हाताने लिहून ठेवायला हवा होता. पण आपोआप चालतंय, तर बोट कशाला घाला? हा विचार त्याने दोन वर्षांपूर्वी केला होता आणि तेव्हा तो त्याला फार शहाणपणाचा वाटला होता.

आता त्याने पाहिलं, तर साऱ्या जगाचा रस्ता भांडारखोलीत चालला होता.

भांडारखोलीत हेडक्लार्क उकंडराव, म्हणजे सगळ्यांचे बडे बाबू, कुंकवाची वाटी घेऊन उभे होते. समोर सतरंजीवर कॉलेजातलं सगळं भंगार मांडलेलं. मधोमध बारा वर्षांपूर्वीचा जुना सर्व्हर, त्याच्या शेजारी जुना मोडेम. दोघांच्या कपाळी हळदकुंकू, दोघेही चालू, आणि सर्व्हरची वायर थेट भिंतीतल्या नेटवर्कच्या खाचेत.

"बडे बाबू, हे चालू काऊन केलं?"

"बंद मशीनची पूजा करते का बे कोणी? दोन वाजताचा मुहूर्त होता."

"अन् वायर?"

"बिनवायरीची बरी नाही दिसत. उघडीबोडकी वाटते."

मोडेमची टेलिफोन लाइन कापून नऊ वर्षं झाली होती. जुन्या सर्व्हरला ते कुणी कळवलं नव्हतं. डोळे उघडल्याबरोबर तो ओरडू लागला होता, की माझ्याकडून या, एका पावलावर जग आहे. कंपनीचा डबा बिचारा दोन पावलं सांगत होता.

"वायर काढतो फक्त."

"हात नको लावू! पूजेवर बसवलेली वस्तू उद्या सोनं वाटल्याबिगर हालवत नाहीत. तुले रस्ताच पाह्यजे ना? मले विचार."

उकंडरावांना रस्ता विचारायची गरज नसे. ते आपणहून सांगत. मागच्या महिन्यात सरोवर शोधणाऱ्या एका पुणेरी कुटुंबाला त्यांनी इतक्या आत्मविश्वासाने सांगितलं, की ते लोक पार दुसऱ्याच गावाला, साखरखेर्ड्याला पोचून पाणी शोधत बसले.

गुलजार उलट पावली परतला. त्याने ती कान लावून बसणारी सेवा बंद केली, आणि कंपनीच्या डब्याचा रस्ता एका ओळीत हाताने लिहिला. जुना सर्व्हर ओरडत राहिला, पण आता त्याला ऐकायला कोणी नव्हतं. एकेक जोडपत्र चढवत चार वाजून एक्कावन्न मिनिटांनी अर्ज गेला.

पोचपावती पाहून मॅडम म्हणाल्या, "उकंडरावांची पूजा फळली हो. आणा तुमची फाइल."

कॉलेजातली प्रत्येक फाइल उकंडरावांच्या टेबलावरून जाई. तसा नियम कुठे लिहिलेला नव्हता. उकंडराव तसं म्हणत, एवढंच.

"बडे बाबू, माही फाइल?"

उकंडरावांनी सतरंजीच्या टोकाला बोट दाखवलं. फाइलींचा गठ्ठा, वर झेंडूचं फूल. "कलमाचीही पूजा असते. उद्या ये."

"उद्या सुट्टी. अन् माहं कंत्राट आजच संपते."

"मंग परवा ये. मी आहो ना."

गुलजारने प्रिंटरमधून एक कोरा कागद ओढला, उभ्याउभ्या मुदतवाढीचा पाच ओळींचा अर्ज खरडला आणि सरळ मॅडमच्या केबिनमध्ये शिरला.

मॅडमनी कागद उलटापालटा केला. "हा उकंडरावांकडून नाही आला?"

"नाही मॅडम. हातानं लिहिलाय."

मॅडमनी घड्याळ पाहिलं, दाराकडे पाहिलं, आणि सही केली.