गालिचे घालण्याचा दिवस

सुहैरने गुंडाळलेल्या गालिच्याच्या एका टोकावर गुडघा रोवला आणि तिच्या जावेने, सबाहने, पलीकडून जोर लावून तो ढकलला. तांबडा गालिचा दिवाणखानाभर उलगडत गेला आणि त्यातल्या डांबराच्या गोळ्या चारी दिशांना घरंगळल्या. एप्रिलपासून तो कपाटामागे उभा होता. इजिप्तमधल्या या मन्सूरात उन्हाळा लागला की गालिचे उठतात आणि थंडी पडली की पुन्हा पडतात. मधले सगळे महिने माणसं उघड्या फरशीवर अनवाणी हिंडतात. यंदा ते थोडे लवकरच काढावे लागले. आज गुरुवार होता आणि दुपारच्या, अस्रच्या नमाजानंतर हिंदचं, म्हणजे त्यांच्या नणंदेचं, लग्न पक्कं करायला पाहुणे येणार होते.

"आधी गोळ्या वेच," सबाह म्हणाली. "माझ्या धाकट्याने तोंडात घातली तर पाहुण्यांबरोबर डॉक्टरलाही सरबत द्यावं लागेल."

सुहैर गुडघ्यांवर सरकत गोळ्या ओंजळीत गोळा करू लागली.

"आणि तुझी लेक कुठाय?"

"स्वयंपाकघरात. दार लावलंय."

"लावलेलंच राहू दे. मुलाची आई नाकाने कांदे सोलणारी आहे म्हणे."

लेक म्हणजे सिमसिमा, सहा-सात महिन्यांची कुत्री. सिमसिम म्हणजे तीळ; अंगावर तिळाएवढे ठिपके म्हणून सिमसिमा. सबाहच्या बोलण्यात विष नसे, पण ते लागायचं तिथे लागतच असे. सुहैरच्या लग्नाला चार वर्षं झाली होती. नवरा, वगदी, कुवेतला. वर्षातून एक महिना घरी. उरलेले अकरा महिने ती या तीन मजली घरात सगळ्यांच्या हाताखाली होती. सासऱ्यांच्या गोळ्या, सासूबाईंची नमाजाआधीच्या वजूची बादली, हिंदचं शिवणकाम, सबाह आणि तिचा नवरा मुसअद यांच्या तीन पोरांचा अभ्यास. भांडण कुणाशी नव्हतं. फक्त त्या घरात 'हे माझं' म्हणून बोट दाखवावं असं काही तिच्याजवळ नव्हतं. मे महिन्यात आळीतल्या कुत्र्यांना कुणीतरी विष घातलं आणि जिन्याखाली हे एकच पिल्लू जिवंत उरलं, तेव्हा ते तिने ओढणीत गुंडाळून वर आणलं. आयुष्यात पहिल्यांदाच तिने कुणाला न विचारता काही केलं होतं.

सासरे, हाजी गुनैम, निवृत्त शिक्षक. शाळेत असताना त्यांनी कधी छडी उगारली नाही आणि कधी एक गुण वाढवूनही दिला नाही. त्यांनी पिल्लाकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं आणि एवढंच म्हणाले, "ते ज्या भांड्याला तोंड लावेल ते सात वेळा धुवायचं, त्यातलं एकदा मातीने. हे तुला माहीत आहे. आणि आम्ही जिथे नमाज पढतो तिथे एक थेंब जरी पडला, तरी त्याच दिवशी ते घराबाहेर. आहे कबूल?"

"कबूल, बाबा."

मग तिने त्या पिल्लाला शिकवायला घेतलं, आणि या शिकवण्यापायी तिच्या नाकीनऊ आले. खाली रस्त्यावर न्यायची सोय नव्हती. विष अजून कुठे पडलेलं असेल कोण जाणे. गुरांच्या डॉक्टरने सांगितलं, बाल्कनीत वर्तमानपत्र पसरा. तिने पसरलंही. हाजींनी ते पाहिलं, वाकून उचललं, झटकलं आणि घडी घालून छातीशी धरलं.

"यावर अल्लाचं नाव असतं, सुहैर. मयतांच्या पानावर तर कुराणातल्या आयतीच असतात. त्यावर कुत्र्याने मुतायचं?"

ती शरमून गेली. हे आपल्या लक्षात कसं आलं नाही, असंच तिला वाटलं. तेव्हा सासूबाई, इन्शिराह, माळ्यावरून उंदरांनी कुरतडलेला एक जुना गालिचा घेऊन आल्या आणि त्याचा हातभर तुकडा कात्रीने कापून तिच्या पुढ्यात टाकला.

"हा घे. रोज धुवून वाळत घालत जा. कागदापेक्षा बरा, भिजून फाटायचा तरी नाही."

झोपून उठलं की उचलून तुकड्यावर. दूध प्यालं की तुकड्यावर. "यल्ला, सिमसिमा, यल्ला," म्हणजे चल, आटप, असं म्हणत सुहैर शेजारी उकिडवी बसून राहायची. झालं की बिस्किटाचा एक तुकडा आणि डोक्यावर हात. फरशीवर झालं तर ओरडा नाही, मार नाही, नुसतं उचलून पुन्हा तुकड्यावर. महिन्याभरात सिमसिमा आपल्या पायांनी बाल्कनीत जायला लागली. काम उरकलं की घरातल्या सगळ्यांचे पाय चुकवत सुहैरला शोधून काढायची, तिच्यासमोर शेपटी फरशीवर आपटत बसायची आणि वर बघायची. जून, जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबर. फरशीवर एक थेंब नाही. एकदा हाजींनी स्वतःच म्हटलं, "हिला कळतं तेवढं मुसअदच्या पोरांना कळलं असतं तर." त्या दिवशी सुहैर भांडी घासताना गुणगुणत होती.

पाहुणे वेळेवर आले. मुलाचे आईवडील, दोन मामा आणि खुद्द मुलगा, कॉलरमध्ये मान अडकल्यासारखा. दिवाणखान्यात जागा पुरेना, म्हणून खुर्च्या बाल्कनीच्या दारापर्यंत लागल्या आणि दार बंद झालं. हिंद आत शेवटची पिन लावत होती. सुहैर सरबताचा ट्रे घेऊन स्वयंपाकघरातून निघाली आणि सबाहचा मधला पोरगा बसबूसा, ती रव्याची मिठाई, पळवायला त्याच दारातून आत घुसला. दार उघडं राहिलं.

सिमसिमा पाहुण्यांच्या पायांमधून दिवाणखान्यात आली. सकाळपासून ती कोंडलेली होती. बंद बाल्कनीच्या दारापाशी जाऊन तिने काच हुंगली, मागे वळली आणि थांबली. समोर तांबडा गालिचा पसरलेला होता, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. ती जपून त्यावर चढली, मध्यावर गेली, एक गिरकी घेतली आणि बसली.

मुलाच्या आईने झगा सावरून दोन्ही पाय उचलून घेतले.

"असू द्या हो," त्या वर धरलेल्या पायांनीच म्हणाल्या. "मुकं जनावर आहे."

काम उरकून सिमसिमा सरळ सुहैरकडे आली. तिच्या पायांशी बसली, शेपटी हलवली आणि वर बघितलं.

सगळेच सुहैरकडे बघत होते. सासूबाई, दोन्ही मामा, दारात आलेली हिंद. हाजी बघत नव्हते. ते मान खाली घालून आपल्या हातांकडे पाहत होते आणि तेच तिला सोसवलं नाही. तिने ट्रे खाली ठेवला, पायातली चप्पल काढली आणि सिमसिमाला मारलं. एकदा नाही, तीनदा. कुत्रं पळालंही नाही. पहिल्या फटक्याला ते उठलं, दुसऱ्याला पुन्हा बसलं, जणू आधी नीट बसलं नव्हतं म्हणून मार पडतोय. तिसऱ्या फटक्याला मात्र ते केकाटलं आणि मुसअदने त्याला मानगुटीला धरून बाहेर नेलं.

लग्न पक्कं करताना वाचायची कुराणातली फातिहा शेवटी जेवणाच्या खोलीत वाचली गेली, दाटीवाटीने उभं राहून. लग्न ठरलं. मुलाच्या बापाने वातावरण हलकं करायला म्हटलंही, की आता हे लग्न कुणी विसरायचं नाही. सगळे हसले. हिंदही हसली आणि मग आत जाऊन रडली.

पाहुणे गेल्यावर हाजींनी सुनेला हाक मारली. ते रागावलेले नव्हते. रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं.

"सुहैर, आपलं काय ठरलं होतं?"

"ठरल्याप्रमाणेच होईल, बाबा."

तिने कुवेतला फोन लावला. वगदी जेवत होता.

"एका कुत्र्यापायी बाबांचा शब्द मोडायचा का?" तो म्हणाला. "आणि मी तरी इथून काय करणार? देऊन टाक. ईदला येईन तेव्हा तुझ्यासाठी पक्षी आणतो, पिंजऱ्यातला. घाण नाही, काही नाही."

तिने वाद घातला नाही. खरं तर तिला कुत्र्याचाच राग आला होता. पाच महिने आपण हिच्यासाठी उकिडवं बसलो आणि नेमक्या आजच्या दिवशी हिने सगळ्यांदेखत आपलं नाक कापलं. सूर्यास्ताच्या, मगरिबच्या अजानच्या आत मुसअद आपल्या पिकअपमधून सिमसिमाला गावाबाहेर एका बदकवाल्याकडे सोडून आला. सुहैर गालिच्यावरचा डाग घासत बसली, सहा वेळा साबणाने आणि एकदा मातीने, आणि कुणी उठवूनही उठेना.

शुक्रवारी सकाळी सगळे न्याहारीला बसले असताना मुसअदचा फोन वाजला. त्याने ऐकलं, दोनदा "अच्छा" म्हटलं आणि फोन पालथा ठेवला.

"बदकवाला शाझली. म्हणतो कुत्री आजारी दिलीत. खात नाही, रात्रभर रडली, आणि कालपासून तिने... काहीच केलं नाहीये. पोट टम्म झालंय. न्यायची तर या, नाहीतर कालव्याच्या कडेला सोडतो म्हणतो."

"नाटकं," सबाह म्हणाली, पण तिनेही भाकरी खाली ठेवली.

सासूबाईंनी हाजींकडे पाहिलं. हाजी ताटलीतली फूल, म्हणजे बाकल्याची उसळ, कालवत राहिले.

"जा," सासूबाई सुहैरला म्हणाल्या. "बघून तरी ये. जीव आहे."

कालव्याकाठी धुकं अजून विरलं नव्हतं. शाझलीने सिमसिमाला एका तुतीच्या झाडाला बांधलं होतं. ती पाठीची कमान करून दोरीभोवती फेऱ्या मारत होती. चार पावलं जायची, माती हुंगायची, पाय आखडून घ्यायची, पुन्हा चालायची.

"मी काय कमी केलं?" शाझली म्हणाला. "मातीत ठेवली. पेंढ्यावर ठेवली. तिकडे सिमेंटवर नेली. बसायला जाते आणि उठते. असं कुत्रं मी जन्मात नाही पाहिलं. कशाला भिते ते तरी सांगा."

"वहिनी, मी गाडी वळवून घेतो," मुसअद म्हणाला. "जुम्म्याच्या नमाजाच्या आत घरी पोचायला हवं."

सुहैर तिच्यासमोर उकिडवी बसली, रोज बाल्कनीत बसायची तशी. सिमसिमा जवळ आली नाही. दोरी ताणून लांब उभी राहिली आणि थरथरत होती. सुहैरच्या खांद्यावरची लोकरी शाल, वगदीने गेल्या हिवाळ्यात पाठवलेली, घसरून तिचा एक पदर मातीत पडला. सिमसिमाने मान लांब करून तो हुंगला. एक पुढचा पाय त्यावर ठेवला, मग दुसरा. लोकर पंजांनी दाबून पाहिली. आणि एकदम सुहैरच्या तोंडाकडे बघून दोन्ही पाय मागे घेतले.

सुहैरला बाल्कनीतला गालिच्याचा तुकडा आठवला.

या पोरीला दुसरं काही ठाऊकच नव्हतं. फरशीवर करायचं नाही. मातीवर कधी पाय ठेवलेला नाही. करायचं ते मऊ, लोकरीच्या गालिच्यावर, आणि केलं की जाऊन सांगायचं. पाच महिने रोज दहादा आपण हेच शिकवलं. ही ते मन लावून शिकली, दार बंद असताना हिने गालिचा शोधून गाठला, आणि शाबासकी घ्यायला आपल्यापाशी आली. आपण काय केलं? पाहुण्यांना दाखवायला चप्पल हातात घेतली. आता गालिच्यावरही करायचं नाही म्हटल्यावर, करायचं कुठे, हे तिला कुणी सांगितलंच नाही. मग ती नुसती धरून बसली. सतरा-अठरा तास.

सुहैरने शाल अंगावरून काढली आणि दुहेरी करून मातीवर अंथरली. चारी कोपरे हाताने सारखे केले.

"अहो, चांगली शाल आहे ती," शाझली म्हणाला.

"यल्ला, सिमसिमा," सुहैर म्हणाली. तिने पुन्हा म्हटलं. "यल्ला."

सिमसिमा शालीच्या कडेशी येऊन थांबली. तिसऱ्यांदा "यल्ला" म्हटल्यावर वर चढली, एक गिरकी घेतली आणि बसली. बराच वेळ बसून राहिली. शाझलीने तोंड फिरवून बदकांना हाकललं.

उरकल्यावर ती दोरी पुरेल तेवढी पुढे आली, सुहैरच्या समोर बसली आणि वर बघितलं. सुहैरने हात उचलला, तशी तिने डोळे घट्ट मिटले आणि मान खाली घातली.

सुहैरने हात तसाच खाली आणला आणि मातीवर उताणा ठेवला. डोळे पुसायला तिला दुसरा हात होता, पण तो तिने हलवला नाही. धुक्यात कुठेतरी पंपाचा आवाज चालू होता. बऱ्याच वेळाने तिच्या तळव्याला ओलं नाक लागलं.

रस्त्यावरून मुसअदने हॉर्न वाजवला. मग खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"चला, वहिनी. बाबा मशिदीत जायला आपल्यासाठी थांबले असतील."

सुहैरने दोरीची गाठ सोडायला घेतली. दवाच्या ओलीने गाठ घट्ट झाली होती, दात लावावा लागला.

"तुम्ही पुढे व्हा, भाऊजी," ती म्हणाली. "बाबांना सांगा, मला त्यांच्याशी बोलायचंय. आम्ही दोघी मागून येतो."