घरची कोथिंबीर

मोटार सुरू झाली आणि मानसिंगनं गळ्यातला टॉवेल नाकाला लावला.

पाइपातून पाणी आलं ते काळं. वर साबणासारखा फेस. घूस मरून हौदात कुजावी तसला वास सुटला. ते पाणी सरीसरीनं पळत पालकाच्या, कोथिंबिरीच्या बुडात शिरत होतं. आणि भाजी बघावी तर ही हिरवीगार! पान तळहाताएवढं.

"चंदरदादा, कुटलं म्हनायचं हे पानी?"

"नाल्याचं. आख्ख्या शहराची घाण पोटात घिऊन येतंय." चंद्रकांत हसला. "खत टाकायची गरज न्हाय बग. शहराची घाण, आपलं सोनखत."

मानसिंग आमच्या शेजारच्या रानातला. खानापूर तालुक्यातलं आमचं गाव. चंद्रकांत त्याचा मावसभाऊ. तरणा होता तेव्हाच सोनं-चांदी गाळायच्या कामाला बेंगळूरला गेला, आणि पुढं होसकोट्याच्या अलीकडं खंडानं जमीन घेऊन भाजीपाला करू लागला. मानसिंगचंही गावाकडं बरं चाललं होतं, पण त्याच्या बांधाला लागून भावकीनं खडीचा क्रशर टाकला. द्राक्षाच्या घडावर पांढरी धूळ, भाकरीत कचकच, दुधात कचकच. बोलायला गेला तर भावकी म्हणाली, "आमचं बरं झालेलं तुला बघवंना व्हय?" तेवढ्यात चंद्रकांताचा फोन आला. "निघून ये. निम्म्या वाट्यानं कर. हितं सतरा मुलखाची मानसं, भरोसा कुनाचा धरावा? मला आपला मानूस पायजे."

म्हणून मानसिंग आणि त्याची बायको संध्या आधी नुसती बघायला आली होती. यायचं का न्हाय ते बघून ठरवायचं.

संध्याला भ्या होतं ते बोलण्याचं. "मला तेंचं एक अक्षर कळायचं न्हाय. बोलू कुनासंगं, भितीसंगं?" चंद्रकांताच्या घरासमोर खोल्यांची ओळ होती. कानडी, तेलगू, तमिळ, उर्दू बोलणारी, सगळी एका नळावर. समोरच्या खोलीतली मुनियम्मा पहिल्याच सांजेला आली, संध्याची हनुवटी धरून न्याहाळलं आणि विचारलं, "ऊट आयता?" शब्द कळला नाही, पण पाची बोटं तोंडाकडं नेली की 'जेवलीस का' हे कुणालाही कळतं.

तर त्या दिवशी मोटार बंद झाल्यावर संध्या कालवणासाठी कोथिंबीर उपटायला वाकली. चंद्रकांत वस्सकन ओरडला.

"वैनी! त्यातली न्हाय!"

संध्याचा हात तिथंच थांबला.

"घरची वायली हाय. परसात वाफा हाय बघा, बोअरच्या पान्यावरचा."

"आन ही?"

"ही इकायची."

मानसिंग पुढं झाला. "इकायची म्हंजी कुनाला?"

"बाजाराला. हितल्या गल्लीला बी. खानारी कुटं आपली हाईत, मान्सिंगा? कोन कानडी, कोन तेलगू, कोन आनी काय. सगळी खिचडी."

मानसिंग परसात जाऊन बघून आला. नाल्याच्या वासाची सवय तासाभरात होते. पण परसातला तो नेटका, स्वच्छ वाफा बघून त्याला ओकारी आली. ज्याला आपण काय करतो ते ठाऊक नसतं त्याला एक वेळ माफ. ह्यानं तर जाणूनबुजून आपलं ताट तेवढं वाचवून घेतलं होतं. दुपारी भाकरी पुढं आली, त्यानं ताट बाजूला सारलं.

तेवढ्यात मुनियम्मा आली. हातात पातेलं, मागं बोटं चाटत तिची चिमुरडी नात. पाहुण्यांसाठी तिनं पालेभाजीचं पातळ कालवण, तिथलं सारु, केलं होतं. वर बचकभर कोथिंबीर. "कोत्तंबरी," ती कौतुकानं म्हणाली आणि चंद्रकांताच्या रानाकडं बोट केलं. तुमचीच आहे, खा.

चंद्रकांत बाजेवरनं हलकेच बोलला, "घ्या वैनी, आन गप बसा. तिला काय कळतंय? नाल्याचा वास हितं रोजचाच, रानात कोन यिऊन बगत न्हाय."

संध्यानं पातेलं घेतलं, खाली ठेवलं. पोरीच्या तोंडाकडं बघितलं. मग मुनियम्माचं मनगट धरलं. "अक्का, बा." 'बा' म्हणजे ये; दोन दिवसांत कानडी आलं ते एवढंच. ओढतच तिला रानात न्यायला लागली.

"मान्सिंगा, तुज्या बायकूला आवर!"

मानसिंग उठला. चंद्रकांताला वाटलं आवरायलाच उठला. तो सरळ गेला आणि त्यानं मोटारीचं बटण दाबलं.

भसाभसा काळं पाणी सुटलं. फेस मुनियम्माच्या पायाला लागला. संध्यानं सरीकडं बोट केलं, "कोत्तंबरी." मग तिला परसात नेलं, तिथल्या वाफ्याकडं दाखवलं आणि चंद्रकांताच्या चुलीकडं हात केला. मुनियम्मानं इकडं बघितलं, तिकडं बघितलं. दोन वाफे, एक मालक. समजायला काय भाषा लागते?

"गलीजु!" ती किंचाळली.

हा शब्द संध्याला पुरता कळला. आपलाच गलिच्छ तो.

मग जी गल्ली उठली! चार भाषांत एकच शिवी चालली होती. बायका घराघरातनं जुड्या घेऊन आल्या आणि त्या चंद्रकांताच्या दारात फेकल्या. एकीनं तर शिजवलेलं पातेलंच उंबऱ्यावर पालथं घातलं. नात भेदरून रडायला लागली.

चंद्रकांत लालबुंद. त्यानं दोघांची पिशवी अंगणात भिरकावली. "आपला म्हनून बलावला आन आपल्याच ताटात ओकलास! रगताचं नातं तरी..."

"रगताचं नाव नगं काडूस," मानसिंग म्हणाला. "शिसारी येतीया मला."

दोघं मुनियम्माच्या पायरीवर बसली. मानसिंग म्हणाला, "चल गावाकडं. त्यापरीस धूळ परवडली."

"धूळ कुनी उडीवली?" संध्या म्हणाली. "आपल्यांनीच. ही घाण कुनी चारली? आपल्यांनीच. दोन्हीकडं आपलीच मानसं बगितली की. आता परक्यांत ऱ्हाऊन बगू."

"आन काम?"

कामाचं मुनियम्मानंच बघितलं. पलीकडं गुरुराज नावाच्या माणसाचा गुलाबाचा मळा होता, ती तिथं फुलं खुडायला जायची. गुरुराजनं मोडक्या हिंदीत विचारलं, छाटणी येते का? मानसिंग म्हणाला, द्राक्षाची येते. गुरुराजनं कात्री हातात दिली, दोन ओळी करून घेतल्या, आणि "सरी" म्हणाला. म्हणजे ठीक.

गावाकडं येऊन त्यांनी रान वाट्यानं दिलं आणि भांडीकुंडी बांधली. आम्ही समजावलं, मुलूख परका आहे, जपून. संध्या नुसती हसली.

तुम्हाला वाटेल, चंद्रकांताचं वाटोळं झालं असेल. छ्या! गल्लीनं तक्रार केली, एक साहेब येऊन नाकाला रुमाल लावून बघून गेला. पंधरवड्यात मोटार पुन्हा सुरू. आता त्याच्या जुड्या टेंपोत भरून लांबच्या बाजाराला जातात, जिथं त्याला कुणी ओळखत नाही. परसातला वाफा अजून आहे म्हणे. वारं फिरलं की गुलाबाच्या मळ्यात वास येतो, मानसिंग कात्री थांबवून थुंकतो आणि पुन्हा कामाला लागतो. कोथिंबीर म्हणून तो तोंडात घालत नाही.

परवा मीच फोन केला. मागं कालवा चाललेला, बायका हसत होत्या, त्यात संध्याचा आवाज कानडी का मराठी काही समजेना.

"मान्सिंगा, तितं आपलं म्हनावं असं कोन हाय का रं?"

"हाय की, एक हाय," तो म्हणाला. "तेच्या दारात आमी जात न्हाय."